१३-१० चं काय करायचं? (ओहायो स्टेटचा २०२४ चा सीझन)

कोलंबसकर – २२ जानेवारी २०२५

परवा रात्री अटलांटात आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल टीमने नोटर डेमला ३४-२३ असं हरवलं. २०१४ च्या सीझननंतर पहिल्यांदाच राष्ट्रीय अजिंक्यपद कोलंबसला आलं. मध्यरात्री आमच्या गल्लीत हॉर्न, आरडाओरडा, कुणीतरी पातेलं बडवत होतं. चिरंजीव (वय ९) दुसऱ्या दिवशी शाळेत झोपा काढून आले.

सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो, तर शेजारचे आजोबा दिसले. माणूस इतका कट्टर की गराजचं दार लाल-करड्या रंगात रंगवलेलं. मी लांबूनच ओरडलो, "अभिनंदन!" आजोबा थांबले. म्हणाले, "हो हो, छानच झालं. पण नोव्हेंबरचं काय?" आणि परत काच खरवडायला लागले.

नोव्हेंबरचं म्हणजे ३० नोव्हेंबरचं. घरच्या मैदानावर, लाखभर लोकांसमोर, शेजारच्या राज्यातल्या जुन्या वैऱ्याकडून, मिशिगनकडून, १३-१० असं हरलो. मिशिगन तोवर सहा जिंकून पाच हरलेली, क्रमवारीत कुठेच नाही. आपण देशात दुसरे. सट्टेवाले वीसेक गुणांचा फरक धरून बसले होते. आणि तरी सलग चौथ्यांदा हरलो.

तर प्रश्न असा, की अजिंक्यपद मिळालं पण मिशिगनकडून हरलो, हा सीझन यशस्वी म्हणायचा का? माझ्या मते डोळे झाकून म्हणायचा. पण आजोबांचा तो चेहरा काही डोक्यातून जात नाही, म्हणून धागा.

तिरकस

मी पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मावशींना कुणीतरी कळवा रे.

सांजवेळ

पुण्यात बसून वाचतेय, म्हणून बाळबोध शंका. फुटबॉल म्हणजे ज्यात पायांपेक्षा हातच जास्त चालतात तोच ना? आणि कॉलेजच्या पोरांच्या मॅचला लाख माणसं? आमच्या कॉलेजच्या मॅचला पंच आणि चहावाला धरून सतरा जण असायचे.

चिन्मय_के

सांजवेळ, हो, तोच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. पार पलीकडे पोचलात की टचडाउन, सहा गुण, वर एक लाथ मारून सातवा. मधेच अडकलात तर दोन खांबांमधून लाथ मारायची, ती बसली तर तीन. म्हणजे १३-१० मध्ये दोन्हीकडे एकेकच टचडाउन. अख्खी दुपार नुसत्या लाथा. आणि मॅच संपल्यावर बुक्क्या, पण ते पुढे कुणीतरी लिहीलच.

लाख माणसांचं म्हणाल तर ओहायो स्टेडियम १९२२ चं आहे, घोड्याच्या नालेसारखं, म्हणून त्याला हॉर्सशूच म्हणतात. क्षमता १,०२,७८०. कोलंबसमध्ये एनएफएलची (म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची) टीम नाही, त्या क्लीव्हलंड आणि सिनसिनाटीला. त्यामुळे इथे शरद ऋतूतला शनिवार म्हणजे काय ते एकदा येऊन बघा. त्या दिवशी कुणी लग्न ठरवलं तर नातेवाईक अबोला धरतात.

मिशिगनची_मावशी

कळवायची गरज नाही, मी आलेच आहे. ॲन आर्बरात, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावात, बावीस वर्षं काढली, त्यामुळे नि:पक्षपातीपणाची अपेक्षा करू नये.

कोलंबसकर, मन:पूर्वक अभिनंदन. चषक तुमचा, आनंद आमचा. तुमच्या शेजारच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा, त्यांना खेळ कळतो.

बाकी आम्ही त्या विद्यापीठाला नुसतं 'ओहायो' म्हणतो. 'द' तर अजिबात लावत नाही.

सांजवेळ

'द' म्हणजे?

शुभांगी_डब्लिन

सांजवेळ, या लोकांचं अधिकृत नाव 'द ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी'. तो 'द' इतका जिव्हाळ्याचा की २०२२ साली टोप्या आणि टीशर्टांसाठी त्याचा ट्रेडमार्कच घेतला. विनोद नाही, खरंच. मी इथलीच माजी विद्यार्थिनी, त्यामुळे लाज आणि अभिमान दोन्ही निम्मं निम्मं.

(मी ओहायोतल्या डब्लिनची, आयर्लंडच्या नव्हे. दर धाग्यात सांगावं लागतं.)

तिरकस

'द'चा ट्रेडमार्क?! मग पुणेकरांनी 'च'चा घ्यायला काय हरकत आहे. आमच्याकडेच, असंच, मिळणारच नाही.

सांजवेळ

घेतलाच आहे असं समजा.

अण्णा_टोलेडो

थोडा इतिहास. मी राहतो त्या टोलेडो शहरावरूनच हे सगळं वैर सुरू झालं. १८३५ साली ओहायो आणि मिशिगन दोघांनी या पट्ट्यावर हक्क सांगितला, दोघांनी आपापली फौज आणली. रक्तपात जवळपास शून्य, शिव्याशाप भरपूर. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला भरपाई म्हणून उत्तरेचा मोठा द्वीपकल्प मिळाला. तेव्हा तिथे जंगलच जंगल, म्हणून मिशिगनवाले चिडले. मग तिथे तांबं आणि लोखंड निघालं, ती गोष्ट वेगळी.

थोडक्यात, सीमाप्रश्न. बेळगाव म्हटलं की आपल्याकडे जे होतं ते इथे दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी होतं, फक्त साडेतीन तासांत निकाल लागतो.

कोलंबसकर

अण्णा, साडेतीन तासांत निकाल लागतो हेच तर दुखणं आहे. कोर्टात पडून राहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या सगळ्या 'एम'वर लाल पट्ट्यांची फुली मारतात. मुलाने यंदा घरात तेच सुरू केलं. मिक्सर, मायक्रोवेव्ह, मॅगी. बायकोचं नाव मेघना आहे हे लक्षात आल्यावर थांबला.

बटाटेवडा

मी त्या मॅचला होतो. दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये, वर. एवढी शांतता मी लाख माणसांत कधी ऐकलेली नाही.

जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहितो. आपल्याकडे जेरेमाया स्मिथ आहे, पहिल्या वर्षाचा पोरगा पण एका हाताने चेंडू तोडून आणतो. एमेका एग्बूका आहे. आणि आपण काय करत होतो? मधल्या फळीतून, मिशिगनच्या त्या दोन अवाढव्य गड्यांच्या, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँटच्या, अंगावर पुन्हा पुन्हा धावत होतो. भिंतीला डोकं आपटायचं आणि भिंतीला दोष द्यायचा. आधीच आपली आघाडीची फळी मोडलेली, जॉश सिमन्स ऑक्टोबरात ओरेगनला जायबंदी झाला, सेंटर सेथ मॅकलॉफलिन नोव्हेंबरात सरावात. हे माहीत असून तिथूनच धावणार! 'मिशिगनसारखं अंगावर जाऊन मिशिगनला हरवून दाखवू' हा हट्ट. तीन वर्षं आपल्याला 'नाजूक' म्हणून चिडवलं, ते कोच रायन डे यांच्या मनाला लागलं होतं असं माझं मत.

आपला चेंडू फेकणारा विल हॉवर्ड, त्याने दोनदा चेंडू त्यांच्या हातात दिला. लाथा मारणारा आपला पोरगा, आडनाव फील्डिंग, त्याच्या दोन लाथा बाहेर गेल्या. शेवटी ४५ सेकंद उरले असताना त्यांच्या झ्वाडाने २१ यार्डांवरून लाथ मारली. संपलं.

मग त्यांनी आपल्या मैदानाच्या मधोमध, त्या 'ओ'वर, झेंडा रोवायचा प्रयत्न केला आणि हाणामारी. पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. जॅक सॉयरने तो झेंडा काठीवरून ओढून काढला. माझ्या शेजारची एक बाई रडत होती, मारामारीमुळे नाही, स्कोअरबोर्डकडे बघून.

मिशिगनची_मावशी

झेंड्याचं मला पटलं नाही, स्पष्ट सांगते. जिंकलात ना, मग गुपचूप घरी या. दोन्ही विद्यापीठांना लाख-लाख डॉलर दंड झाला, ते योग्यच. ओहायोच्या एका आमदाराने मात्र मैदानात झेंडा रोवणं गंभीर गुन्हा ठरवायचं विधेयक आणलं, तेव्हा हसून पुरेवाट झाली. रस्त्यांचे खड्डे संपले वाटतं तुमच्याकडचे.

चिन्मय_के

मावशी, २०२३ ला समोरच्यांच्या खुणा टिपण्याच्या भानगडीत तुमच्या कोच हार्बॉसाहेबांना नियमित सीझनच्या शेवटच्या तीन मॅच घरी बसवलं होतं, त्यावर विधेयक आणायचं का?

मिशिगनची_मावशी

त्या तीनातली तिसरी मॅच तुमच्याशीच होती. कोच घरी बसून आम्ही जिंकलो. अजून काही?

चिन्मय_के

नाही. जेवायला जातो.

तिरकस

हाहाहा. मावशी १३, चिन्मय १०.

शुभांगी_डब्लिन

मूळ प्रश्नाकडे. आजोबांची बाजू कुणीच नीट मांडत नाहीये, मी मांडते. हलकेच घेऊ नका, गंभीरपणे लिहितेय.

मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची छोटीशी चड्डी मिळते. हो, चड्डी. 'गोल्ड पँट्स' म्हणतात, गळ्यातल्या पदकाएवढी. १९३४ साली नवे कोच फ्रान्सिस श्मिट आले तेव्हा त्यांना मिशिगनबद्दल विचारलं, तर म्हणाले की ती माणसंही आपल्यासारखीच एकेक पाय घालून पँट चढवतात. तेव्हापासून ही पद्धत. पैसे देऊन मिळत नाही, त्या एका शनिवारी जिंकलात तरच.

आता बघा. जॅक सॉयर कोलंबसच्या शेजारच्या पिकरिंग्टनचा, इथलाच वाढलेला. तो, एग्बूका, ट्रेव्हियन हेंडरसन, जेटी तुइमोलोआउ, सगळे २०२१ ला आले. मागच्या वर्षी एनएफएलला जाऊ शकले असते, राहिले. कशासाठी राहिले? त्यांच्या तोंडी एकच होतं, मिशिगन आणि अजिंक्यपद. चार वर्षांत चार पराभव. अजिंक्यपदाची अंगठी मिळाली, पण ती चड्डी एकाच्याही वाट्याला आली नाही, आणि आता येणारही नाही. आजोबा कशाबद्दल बोलत होते ते मला कळतं.

सांजवेळ

शुभांगी, सुरेख लिहिलंत. सोन्याच्या चड्डीला हसायला आले होते आणि शेवटी घसा दाटला. हे काय चाललंय माझं.

हिशेबनीस

भावनेचा पूर आवरा जरा.

एक, या टीमवर जवळपास २ कोटी डॉलर खर्च झाले असं त्यांच्याच ॲथलेटिक डायरेक्टरने सांगितलं होतं. हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आणलेला, क्विनशॉन जडकिन्स ओल मिसमधून, केलेब डाउन्स आणि मॅकलॉफलिन अलाबामातून. ही कॉलेजची टीम आहे की आयपीएलचा लिलाव?

दुसरं, २०२३ पर्यंत प्लेऑफला, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेरीला, चारच टीम जायच्या. दोन मॅच हरलेल्या ओहायो स्टेटला तेव्हा दारात उभं केलं नसतं. यंदा पहिल्यांदाच बारा घेतल्या आणि हे आठव्या क्रमांकावरून आत शिरले. अजिंक्यपद नव्या नियमांनी दिलेलं आहे. मिशिगन हरली असती तर गोष्ट वेगळी.

बटाटेवडा

हिशेबनीस, नियम सगळ्यांना सारखेच होते ना? आणि आत शिरल्यावर कुणाकुणाला हरवलं ते बघा. टेनेसी ४२-१७. ओरेगन ४१-२१, जे तोवर तेराच्या तेरा जिंकून पहिल्या क्रमांकावर होते. टेक्सास २८-१४, तेही टेक्सासमध्ये. मग नोटर डेम. सोपी कुठली होती यातली?

आणि ऑक्टोबरात ओरेगनकडून ३२-३१ हरलो ती मॅच आठवा. शेवटच्या क्षणांत त्यांनी मैदानात अकराऐवजी बारा गडी उतरवले. दंड झाला पाच यार्ड, पण घड्याळ चार सेकंद पुढे गेलं ते गेलंच. त्यानंतर नियमाचा अर्थच बदलावा लागला. मग हॉवर्ड धावत सुटला, घसरून बसला तोवर वेळ संपली. प्लेऑफमध्ये, रोझ बोलला, त्याच ओरेगनवर दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-० होते. तेव्हा घरात आम्ही कुणीच जागचं उठत नव्हतो, जो जिथे बसलाय तिथेच. माझ्या बायकोने दीड तास पाणी प्यायलं नाही.

हिशेबनीस

बारा गड्यांचा डाव हुशारीचा होता. नियमात बसणारा.

बटाटेवडा

बरोबर. आणि बारा टीमचा प्लेऑफसुद्धा नियमात बसणारा.

तिरकस

हिशेबनीस झेलबाद.

अण्णा_टोलेडो

माझा मुद्दा या दोघांच्या मधला. मिशिगनकडून हरलो म्हणूनच अजिंक्यपद मिळालं, असं मला वाटतं. जिंकलो असतो तर आठवड्याभरात इंडियानापोलिसला बिग टेनची (आपल्या विद्यापीठांच्या गटाची) फायनल, तीही ओरेगनशी. त्याऐवजी तीन आठवडे विश्रांती मिळाली आणि तोंडात मारल्यासारखी अक्कल आली. टेनेसीविरुद्ध पहिल्या क्वार्टरमध्येच २१-०. मधून धावायचा हट्ट सोडला, चेंडू स्मिथकडे फेकायला लागले. एवढीच क्रांती. जे बटाटेवड्याला वरच्या स्टँडमधून दिसत होतं ते कोचना दिसायला एक पराभव लागला.

बटाटेवडा

अण्णा, त्या टेनेसीच्या मॅचवरून माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची राहिली.

मिशिगननंतर मी इतका तापलो होतो की २१ डिसेंबरचं माझं तिकीट विकलं. कुणाला विचारू नका. बरं, सांगतो. टेनेसीच्या माणसाला. नारिंगी टोपी घालूनच घ्यायला आला होता. त्या रात्री स्टेडियममध्ये नारिंगी रंग किती होता ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. त्यातला एक ठिपका माझ्यामुळे. गोठवणारी थंडी, हॉर्सशूमधली पहिलीवहिली प्लेऑफ मॅच, आणि मी घरी सोफ्यावर खिचडी खात. दर टचडाउनला बायको विचारत होती, "केवढ्याला गेलं रे तिकीट?" सहा टचडाउन झाले.

शुभांगी_डब्लिन

हे वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसले. आता मॅनेजरला काय सांगू?

सांजवेळ

अवांतर: ते 'बकआय' म्हणजे काय? ओहायो स्टेटबद्दल शोधलं की सगळीकडे तोच शब्द दिसतोय.

शुभांगी_डब्लिन

एक झाड आहे, ओहायोचा राज्यवृक्ष. त्याचं बी तपकिरी आणि मधे फिकट डाग, हरणाच्या डोळ्यासारखं. बी विषारी असतं, खायचं नाही! पण त्याच नावाची मिठाई करतात. पीनट बटर आणि पिठीसाखरेचा लाडू वळायचा, गार करायचा, चॉकलेटमध्ये बुडवायचा आणि वरचा गोल उघडा ठेवायचा. म्हणजे शेंगदाण्याचा लाडूच, अर्धवट आंघोळ घातलेला. आम्ही टेलगेटला (मॅचआधीच्या पार्किंगमधल्या पंगतीला) नेतो, सोबत वडापाव. सकाळी नऊला पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत वड्यांचा डबा उघडला की आजूबाजूचे सहा फुटी गडी चौकशीला येतात. हिरव्या मिरचीबद्दल आधी सांगावं लागतं. एकदा सांगायला विसरले होते.

आणि बँडचा 'स्क्रिप्ट ओहायो' नक्की बघा. वादक एकामागे एक चालत वळणदार अक्षरात 'ओहायो' लिहितात आणि शेवटी एक सुसाफोनवाला (ते अवाढव्य पितळी वाद्य) ऐटीत येऊन 'आय'वर टिंब होऊन उभा राहतो. त्या टिंबासाठी मुलं चार चार वर्षं झटतात.

सांजवेळ

पाहिलं. चार वेळा. अनुस्वाराच्या प्रेमात असलेल्या माणसाने टिंबावर काय बोलावं.

कोलंबसकर

प्रतिसाद वाचून मजा आली. माझ्या बाजूने दोन क्षण नोंदवून ठेवतो.

पहिला, टेक्सासविरुद्धचा. २१-१४ अशी आघाडी, टेक्सासचा चेंडू आपल्या गोलरेषेपासून एका यार्डावर. बरोबरी झालीच म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेलो. एका डावात त्यांना मागे रेटलं, आणि चौथ्या प्रयत्नाला सॉयरने क्विन युअर्सच्या हातातला चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत सुटला. युअर्स २०२१ ला ओहायो स्टेटलाच होता, सॉयरचा रूममेट. मुलगा ओरडत होता "बाबा! बाबा!" आणि मी कढईसमोर उभा. डाळ जळली.

दुसरा फायनलचा. ३१-७ वरून नोटर डेम ३१-२३ पर्यंत आली. अजून अकरा यार्ड सरकायचं होतं, तिसरा प्रयत्न. डिसेंबरपूर्वीची ओहायो स्टेट असती तर मधून धावली असती. हॉवर्डने लांब फेकला, स्मिथने ५६ यार्डांचा झेल घेतला. मग शिक्कामोर्तब करणारी लाथ कुणी मारली? फील्डिंगने. मिशिगनविरुद्ध दोन चुकवणाऱ्या त्याच पोराने.

मिशिगनची_मावशी

फील्डिंगसाठी मलाही बरं वाटलं. त्या पोराला नोव्हेंबरात लोकांनी काय काय ऐकवलं होतं.

(ही कबुली कुठेही उद्धृत केल्यास नाकारली जाईल.)

चिन्मय_के – ७ फेब्रुवारी २०२५

ताजी खबर: रायन डे यांच्याशी सात वर्षांचा नवा करार, वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलर. दहा आठवड्यांपूर्वी हेच लोक 'काढा त्याला' म्हणून ओरडत होते. मीही. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करता येत असतं तर नोव्हेंबरातले माझे सगळे प्रतिसाद काढले असते.

हिशेबनीस

आम्ही स्क्रीनशॉट ठेवले आहेत.

अण्णा_टोलेडो – २८ एप्रिल २०२५

धागा वर काढतो. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातून खेळाडू निवडतात तो) आपले १४ जण गेले. सॉयर आणि हॉवर्ड दोघेही पिट्सबर्गला. जडकिन्स क्लीव्हलंडला, म्हणजे ओहायोतच राहिला. आणि टायलीक विल्यम्स पहिल्या फेरीत डेट्रॉइटला, म्हणजे थेट मिशिगनमध्ये!

मिशिगनची_मावशी

येऊ दे त्याला. आमच्याकडे हिवाळ्यात चांगल्या माणसांची गरज असतेच. पोहे करून ठेवते.

कोलंबसकर – ३ जानेवारी २०२६

जवळजवळ वर्षाने माझाच धागा वर काढतोय, कारण देवाने माझ्या प्रश्नाची दुसरी बाजूही दाखवली.

२९ नोव्हेंबरला ॲन आर्बरात, बर्फात, २७-९. चार वर्षांचा हिशेब चुकता. संध्याकाळी आजोबा स्वतः आमच्या दारात आले, हातात घरी केलेल्या बकआयचा डबा. चौदा वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच घरात येऊन बसले, चहा घेतला, आलं जास्त झालं म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात बिग टेनची फायनल, इंडियानाकडून हरलो. किती? १३-१०. तोच आकडा! आणि परवा ३१ तारखेला प्लेऑफमध्ये, कॉटन बोलला, मायामीकडून २४-१४ हरून घरी परत.

म्हणजे मागच्या वर्षी मिशिगन सोडून सगळं मिळालं, यंदा मिशिगन मिळालं आणि बाकी काहीच नाही. बोला, कुठला सीझन बरा?

बटाटेवडा

२०२४. विचार करायचीही गरज नाही. (आणि यंदा तिकीट विकलेलं नाही.)

शुभांगी_डब्लिन

माझं मत गेल्या वर्षी लिहिलं तेच होतं, पण आता डळमळलंय. २७-९ ला मी नाचले. रडू मात्र नाही आलं. सॉयर तेव्हा पिट्सबर्गला होता. चड्डी त्याच्या मागून आलेल्यांना मिळाली.

हिशेबनीस

२०२४. आश्चर्य वाटेल, पण हो. अजिंक्यपदाला पर्याय नाही. २ कोटींचं माझं म्हणणं कायम आहे.

मिशिगनची_मावशी

मला विचाराल तर दोन्ही वाईट. आमचं यंदाचं तर बोलूच नका, कोचसुद्धा नवा आलाय. पुढची मॅच कोलंबसला आहे हे लक्षात ठेवा, आणि झेंडा मी पिशवीतच ठेवायला सांगेन.

कोलंबसकर, पण आजोबा काय म्हणाले ते सांगितलंच नाहीत.

कोलंबसकर

विचारलं काल. गाडीची काच खरवडत होते. म्हणाले, "इंडियानाकडून? इंडियानाकडून?" तीन-चार वेळा तेच म्हणाले. पुढे काही बोललेच नाहीत.